आखाजीचे आठ दिवस

मळा, ता. शिंदखेडा
२६ मे

चि. सौ. डिंपल हिस,
मामाचे आशीर्वाद.

इकडे सगळे ठीक. ऊन चव्वेचाळीसच्या खाली येत नाही. चंदन रोज नरडाण्याला कामावर जातो, डबा स्वतः भरतो. अक्काचे, म्हणजे तुझ्या सासूचे, गुडघे दुखतात. भडगावला तुझे आईवडील बरे असतील.

मामसासऱ्याने भाचेसुनेला पत्र लिहायची आपल्याकडे रीत नाही. फोन दोनदा लावला. दोन्ही वेळा तुझ्या वडिलांशी कापसाच्या बियाण्याबद्दल बोललो आणि ठेवून दिला. म्हणून लिहितो.

तुझं लग्न झालं त्याच महिन्यात माझ्या विहिरीवर सौरपंप बसला. आधी वीज एक आठवडा दिवसा, एक आठवडा रात्री, तीही आठ तास. रात्री उठायचा कंटाळा यायचा, विहिरीला आपोआप विसावा मिळायचा. आता ऊन पडलं की मोटर सुरू. वाफे भरले तरी मी बंद करत नसे. बिल नाही, डिझेल नाही. ऊन असताना पंप थांबवायचा म्हणजे जीव तुटायचा. जास्तीचं पाणी नाल्यात जायचं. मग पाणी आहेच म्हणून अर्धा एकर केळी लावली. या तालुक्यात केळी. कृषी खात्याचे साहेब आले, पंप किती वेळ चालवता विचारलं. चार तास, म्हणालो. "कोळशाचा धूर वाचवलात तुम्ही," म्हणाले. मलाही ते खरं वाटलं.

अक्काची विहीर माझ्या विहिरीपासून शंभर पावलांवर. दोन्हींचा झरा एक, हे बाबांच्या वेळेपासून माहीत. तिचं पाणी गेलं, लिंबोणी वाळली. मी म्हणालो, "अक्का, झरा सरकना व्हई." शेजारची भिकुबाई म्हणाली, "झरा कसाले सरकी? नवी सून उनी ना घरमा." तुझ्या पायगुणावर बायका हसल्या. मी तिथेच ओसरीवर चहा पीत होतो. तूच आणून दिला होतास.

आखाजीच्या सणाला तू माहेरी गेलीस, त्याच दिवशी माझ्या पंपाची पेटी जळाली आणि पंप बंद पडला. धुळ्याहून दुरुस्तीवाला यायला आठ दिवस लागले. पाचव्या दिवशी अक्काच्या विहिरीत पुरुषभर पाणी. "सून गयी अन् पानी उनं," भिकुबाईने गल्लीभर केलं. अक्काने चंदनला सांगितलं, बायकोला आणायची घाई करू नको.

पेटी जळाल्याचं मला माहीत होतं. एक वाक्य बोलायचं होतं. बोललो असतो तर केळी गेली असती. दुसरं कारण शोधून पाहिलं, सापडलं नाही.

पंप सुरू झाला, अक्काचं पाणी पुन्हा गेलं. तेव्हा तू भडगावलाच होतीस. तरी कोणी आपलं बोलणं मागे घेतलं नाही.

गेल्या आठवड्यात अक्का तुझ्या साड्या गाठोड्यात बांधताना दिसली. माहेरी पोचत्या करायच्या, म्हणाली. त्या दुपारी पंप बंद केला. चार दिवसांनी तिला हाताला धरून तिच्या विहिरीवर नेलं. पाणी होतं. सगळं सांगितलं.

"तुले माहीत व्हतं?"

"हो, अक्का."

"मी त्या पोरीले भरल्या ताटवर बोलनू." मग काठावर बसली. "आते कोनता तोंडे बलावू मी तिले?"

भिकुबाईलाही सांगितलं. म्हणाली, "पन पायगुनबी ऱ्हास ना, भाऊ." पायगुणही असतोच, या तिच्या म्हणण्यापुढे मी हात टेकले.

आता पंप रोज तीन तास चालतो. पेटीची किल्ली अक्काकडे आहे. केळीची पानं करपली. काल एक वाफा अर्धा राहिला म्हणून मी स्वतःच किल्ली मागायला गेलो. एवढं सगळं होऊनसुद्धा. तिने दिली नाही.

तू ये, असं मी लिहीत नाही. तो हक्क मी घालवला. रविवारी चंदन भडगावला येईल. त्याच्याबरोबर निघायचं, की त्याला एकट्याला परत पाठवायचं, तू ठरव. आधी हे पत्र घरात सगळ्यांसमोर मोठ्याने वाच. विहिरीच्या पाण्याशी तुझा काही संबंध नव्हता. माझा होता.

सगळं माहीत असून गप्प बसलेला,
अभिमनमामा