बारावा सुरुंग

सांता रुफिना खाण, ओरुरो
१४ ऑगस्ट १९९१

चि. इलारियो यास अनेक आशीर्वाद. मोठ्या बहिणीने असंच लिहायचं असतं म्हणून लिहिलं. मनापासून म्हणशील तर नाही.

तुझ्या पुस्तकाची पानं मिळाली. खाण बंद झाली, आता निदान तिचा इतिहास तरी राहू दे, म्हणतोस. राहू दे की. माझी तब्येत विचारलीस. टाकाऊ दगडांच्या ढिगावर बसून हातोडीने कथील वेचणाऱ्या बाईची असते तशी आहे.

एकाहत्तर सालचं पान तीनदा वाचलं. 'एउसेबियो कोल्केचा मृत्यू. बायको खाणीत शिरली, तिओ कोपला.' माझा नवरा दीड ओळीत आटोपलास आणि वर त्याचा फोटो माझ्याकडेच मागतोस! त्या शिंगवाल्या मातीच्या तिओला, खाणीचा देव म्हणून, खाणीत रोज सिगारेट पाजायचास, आणि खापर फोडलंस त्याच्या नि माझ्या डोक्यावर.

हो, शिरले होते. एउसेबियो चघळायच्या कोकाच्या पानांची पिशवी घरी विसरला होता. त्याची पाळी लागण्याआधी ती द्यायला पहिल्या वळणापर्यंत आले. तू बारा सुरुंगांच्या वाती पेटवून धावत आलास आणि मला पाहून पिसाळलास. "इथं कशाला तडमडलीस? बाई आली की कथील दडून बसतं, ठाऊक नाही?" तुझं तोंड चालू होतं आणि आत सुरुंग उडत होते. मुकादम आला तशी मी खांबाआड झाले.

"किती उडाले?"

"बाराच. मोजलेत ना मी."

अकरा होते, इलारियो. बारावा न उडता भिंतीतच राहिला होता. तासाभराने एउसेबियोने त्याच भिंतीला ड्रिल लावलं.

मला बाहेर पडताना लोकांनी पाहिलं होतं. वीस वर्षं पुरुष माझ्याकडे बघून थुंकले, आणि तू तोंडातून ब्र काढला नाहीस.

तुला शिव्या द्यायलाच बसले होते, पण एक राहतंय. आबांनी बोटांवर सुरुंग मोजायला आपल्या दोघांनाही शिकवलं होतं. खांबाआड माझं बोट अकरावर थांबलं होतं. बोलले असते तर तुझी नोकरी गेली असती. म्हणून एउसेबियोच्या हातात पिशवी दिली, "जपून" म्हणाले आणि घरी आले. त्याला सोडून तुला सांभाळलं. याबद्दल मला तुझ्यापेक्षाही माझी जास्त चीड येते.

फोटो पाठवत नाही. घ्यायला ये. दाराबाहेर उभा राहून शेजाऱ्यांना ऐकू जाईल असं मोज. अकरावर थांबलास तर दार उघडीन.

आतून तुझ्याबरोबर मोजणारी,
सतुर्निना