सकाळी रुसणारा पंप

रविवार, २० एप्रिल

न्हाणीघराच्या भिंतीला भोक पडलंय आणि त्या भोकातून आमचे अजिनाथराव मला पान्हा मागताहेत! प्लंबरला बोलावू म्हटलं, तर नवरोबा म्हणतात, "एसटीचं इंजिन उतरवतो मी. हा पंप म्हणजे काय!" बरं.

टाकी गच्चीवर, पण शॉवरच्या जेमतेम चार फूट वर. शॉवर नुसता ठिबकतो. म्हणून मागच्या अंगणात हा पंप – त्याला टाकीतून वेगळा पाइप, पाइपला वेगळा कॉक. खटाटोप सगळा आत्याबाईंसाठी, म्हणजे माझ्या सासूबाईंसाठी. दिवाळीत पडल्यापासून त्यांचा उजवा हात वर जात नाही, तांब्या उचलत नाही. रोज मीच अंघोळ घालते. पहिल्या दिवशी भिंतीकडे तोंड करून रडल्या होत्या – "दुसऱ्याच्या हातानं न्हायचं, यापरीस मेलेलं बरं!" ते मनातून जात नाही. त्यांना पुन्हा एकटीनं, कडी लावून अंघोळ करता यावी, एवढंच.

सोमवार, २१ एप्रिल

संध्याकाळी पंप चालू केला. शॉवर कोरडा, पण जोडातून कारंजं! राव नखशिखांत भिजले. "हसू नको, टेप दे." टेप गुंडाळल्यावर मात्र शॉवर धो धो. आत्याबाईंना दाखवला. "लई जोर हाय की," एवढंच म्हणाल्या.

मंगळवार, २२ एप्रिल

सकाळी पंप नुसता घूं घूं. थेंब नाही! लगेच बंद केला – कोरडा फिरला तर जळतो म्हणे. राव पहाटेच ड्यूटीवर. मग आहेच – बादली, तांब्या आणि मी.

संध्याकाळी ते आले, बटण दाबलं – धो धो! माझ्याकडे असे बघतात, जणू मला बटण दाबता येत नाही.

बुधवार, २३ एप्रिल

सकाळी घूं घूं. संध्याकाळी धो धो.

शुक्रवार, २५ एप्रिल

तेच. रावांची निदानं – बुधवारी "हवा धरतोय", काल "सकाळी व्होल्टेज नसतं". सगळे जोड सोडवून पुन्हा बसवले. शेजारचे वैजनाथभाऊ कुंपणावरून म्हणाले, "पंपाला नारळ फोडला व्हता का?" राव जाम चिडले. नंतर वाण्याकडून नारळ आणला आणि गुपचूप फोडला. मी खिडकीतून पाहिलं! इंजिन उतरवणारा माणूस!

मीही वैतागलेय. बादल्या उचलून कंबर धरली. त्यात पाठ चोळायला घेतली की आत्याबाईंच्या माहेरच्या गोष्टी सुरू होतात. आज चुलत्याच्या लग्नात म्हैस मांडवात शिरली ती. एरवी दिवसभर तोंडातून शब्द नाही! माझं शिलाईचं दुकान उघडायला अकरा वाजले. हसून हसून पोट दुखलं ते वेगळंच.

रविवार, २७ एप्रिल

रावांना सुट्टी. सकाळीच स्टूल टाकून पंपापाशी पहाऱ्याला बसले. आणि चालला! आत्याबाई प्लास्टिकच्या खुर्चीवर, एकट्या, आतून कडी. बाहेर उभी राहून पाण्याचा आवाज ऐकत होते. डोळे भरून आले, खरंच.

सात मिनिटांत बाहेर. "झाली?" "झाली." जेवताना अर्धी भाकरी तशीच ठेवली. दमल्या असतील. राव दिवसभर मिशीला पीळ देत फिरताहेत.

सोमवार, २८ एप्रिल

सकाळी पुन्हा घूं घूं. तडक मागच्या अंगणात गेले. आत्याबाई पंपापाशी उभ्या, डावा हात कॉकवर. कॉक बंद.

"रोज तुम्हीच?"

"व्हय. न्हाणं झालं की परत उघडत हुते... पंकजा, त्या शावरखाली बसले की तू भाईरच राहनार. मंग माझ्याशी कोन बोलनार गं?"

वीस वर्षं एका घरात आहोत. त्या अबोल आहेत असंच धरून चालले होते. मीच कधी पाच मिनिटं जवळ बसले नव्हते.

आज दुकान उघडलं नाही.