सदतिसावा ठिपका

मी, खाली सही करणारी, वय चौऱ्याहत्तर, व्यवसाय चष्म्याच्या काचा घासणे, हे मृत्युपत्र कोणाच्या सांगण्यावरून नव्हे, स्वतःच्या हट्टाने लिहीत आहे. डोके ठिकाणावर असल्याचा दाखला डॉक्टरीणबाईंनी दिला आहे. स्वभावाचा दाखला द्यायला त्यांनी नकार दिला.

कलम १. दुकान, वरच्या दोन खोल्या व बँकेतली ठेव माझ्या पश्चात लेकीची. काच घासायचे चाकही तिचेच. ते कुरकुरले तर तेल ओतू नये, पट्टा आवळावा.

कलम २. शेजारच्या शिंप्याने अकरा वर्षांपूर्वी नेलेली माझी शिडी आता त्याच्याकडेच राहू दे. साक्षीदार म्हणून सही करण्यापूर्वी त्याने हे कलम वाचावे.

कलम ३. बर्नार्डचा तारा मृत्युपत्रात देता येत नाही, असे वकिलांनी दोनदा बजावले. मग निदान त्याची ओळख तरी नोंदवते. हा लाल बटू तारा सूर्याच्या जेमतेम एक पंचमांश रुंद, आणि सूर्याच्या निम्म्याहून थोडाच अधिक तापलेला. ताऱ्यांच्या हिशेबात अगदी शेजारी असूनही दुर्बिणीशिवाय दिसत नाही. पण जळण असे पुरवून वापरतो, की सूर्य विझल्यावरही लाखो कोटी वर्षे तेवत राहील. आणि मुलखाचा पळपुटा! आकाशात याच्याइतका भरभर सरकणारा दुसरा तारा नाही. तरी चंद्राच्या रुंदीएवढे अंतर कापायला त्याला एकशे ऐंशी वर्षे लागतात.

कलम ४. दुर्बीण व ठिपक्यांचा कागद माझ्या धाकट्या भावाला, म्हणजे घड्याळजीला. भिंगे मी घासली, दुर्बीण ताऱ्यामागे फिरवणारे घड्याळ त्याने बसवले. दरवर्षी याच आठवड्यात तारा कुठवर सरकला ते पाहून आम्ही एक ठिपका देत आलो. एकतिसाव्या वर्षी तो म्हणाला, "ताई, ठिपका चुकलाय." मी म्हणाले, "तुझं घड्याळच मागं पडतंय!" घड्याळजीला असे बोलू नये. तेव्हापासून अबोला.

आता कबूल करते. त्या संध्याकाळी मी दुरुस्तीला आलेला पोस्टमनचा चष्मा घालून बसले होते. दुसऱ्या दिवशी पोस्टमन माझा चष्मा लावून भलत्याच दारांत पत्रे टाकत फिरला, तेव्हाच मला उमगले. पण चष्मेवालीने हे कोणत्या तोंडाने सांगावे? पुढचे पाच ठिपके एकटीने दिले. सगळे सरळ रेषेत आहेत, एकतिसावाच वाट सोडून बसला आहे. धाकट्या, तुझे घड्याळ बरोबर होते. तुझी फार आठवण येते.

कलम ५. या मृत्युपत्राची नक्कल त्याला आजच पोचवावी, माझ्या मरणाची वाट पाहू नये. ज्याला काही मिळते त्याने साक्षीदार होऊ नये, म्हणतात. मग त्याने सही करू नये, शनिवारी येऊन सदतिसावा ठिपका द्यावा. खुर्च्या दोन मांडल्या आहेत. आपण भांडलो तेव्हा त्या ताऱ्यावरून निघालेला उजेड सहा वर्षे चालून आत्ता कुठे इथे पोचतो आहे. तुझे घर तर दोनच गल्ल्या पलीकडे आहे.

सही: चष्मेवाली (स्वतःचाच चष्मा लावून)
साक्षीदार: १. डॉक्टरीणबाई २. शिंपी (शिडी उद्या आणून देतो)
ठिकाण: दुकानामागची खोली
दिनांक: १३ ऑक्टोबर, मंगळवार