हिरामणची होडी

११ ऑगस्ट, सोमवार

संपले! बारा वाजता विक्री सुरू, बारा वाजून चार मिनिटांनी 'माल शिल्लक नाही'. अख्ख्या देशासाठी काय शंभर नग आणले होते का मेल्यांनी?

मी तर तयारीत होते. कोर्टातलं माझं टेबल अमिषाकडे सोपवलं — "दहा मिनिटं सांभाळ, जीवनमरणाचा प्रश्न आहे" — आणि फोन घेऊन बाहेर झाडाखाली उभी राहिले. नाव भरलं, पत्ता भरला, पिनकोड भरला. ओटीपी येईना! आला तेव्हा बारा वाजून सहा मिनिटं झाली होती. आता त्या ओटीपीचं काय लोणचं घालू?

अमिषा म्हणते, "ताई, बेचाळीस वर्षांची बाई खेळण्यासाठी एवढी चिडते?" खेळणं नाही गं, बादशाह आहे तो! आमच्या लहानपणीचा टीव्ही गेम. तीस वर्षांनी कंपनीने तो तळहाताएवढा करून परत काढलाय, आत तेच जुने तीस खेळ घालून. त्यातला 'कंदीलवाला' मला हवा. आणि साखरचौथीच्या आत हवा, तेव्हा आमच्याकडे दीड दिवसाचा गणपती येतो. म्हणजे दहा सप्टेंबर. म्हणजे फक्त एक महिना.

१२ ऑगस्ट

एकाने तिप्पट भावात देतो म्हणून फोन केला. त्याची अशी खरडपट्टी काढली की एसटीतले सगळे मागे वळून बघायला लागले. बरं वाटलं.

१५ ऑगस्ट, शुक्रवार

झेंडावंदन करून दादू काका आला, चहा प्याला आणि निघताना बोललाच. शेजारच्या पोराला दुबईची नोकरी लागली म्हणतात, त्यावर म्हणे, "व्हय, हिरामणची होरी आली आन् त्याला घेऊन गेली!"

आमच्या गावात ही म्हणच झाली आहे. कुणी थाप मारली की हिरामणची होडी. हिरामण म्हणजे माझे बाबा.

शहाण्णव सालचा मे महिना. मी तेरा वर्षांची, धाकटा भाऊ दिपेश नऊचा. बाबा ट्रकवर, महिन्यातून जेमतेम चार दिवस घरी. त्यांनीच तो बादशाह मुंबईहून आणला होता. आजीचा नियम कडक — बायांनी त्या डबड्याला हात लावायचा नाही! मी पोर म्हणून मला मिळायचा रविवारी एक तास, तोही दिपेश खेळून दमला की. कंदीलवाल्याला आठ किल्ले पार करायचे असतात, हातात कंदील घेऊन. आम्ही चौथ्याच्या पुढे कधी गेलो नाही.

त्या मे महिन्यात आम्ही दोघं मामाकडे होतो. परत आलो तर बाबा ओटीवर बसून सगळ्या आळीला सांगतायत — आठही किल्ले जिंकलो! शेवटी समुद्र आला, समुद्रातून होडी आली, कंदीलवाला तिच्यात बसला, हात हलवला... आणि तेवढ्यात लाईट गेली!

झालं! दादू काकाने तिथेच पकडलं. "आमच्याकडं पंखा फिरत व्हता की! भिंतीला भिंत लागून घर, आन् लाईट निस्ती तुमचीच गेली?" दिपेश मोठा झाल्यावर त्यानेही हिशोब मांडला — महिन्यातून चार दिवस घरी असणारा माणूस आठ किल्ले कसे जिंकेल? त्याने मोबाइलवर कुणीतरी टाकलेला व्हिडिओही दाखवला. शेवटी किल्ल्यावर फटाके उडतात आणि खेळ खलास. होडी नाही. बाबांना विचारावं, कसं जिंकलात, तर गप्प!

एकोणतीस वर्षं हसण्यावारी नेलं त्यांनी. पण दिपेशच्या पोरीने मागच्या साखरचौथीला सगळ्यांसमोर विचारलं, "आजोबा, तुम्ही खोटारडे आहात का?" सगळे हसले. बाबा हसले नाहीत.

आज काका गेल्यावर माझ्याकडे बघून म्हणाले, "बाय, होरी आली व्हती. मी माज्या डोल्यांनी पाह्यली."

बास. मी होडी आणणार. साखरचौथीच्या गणपतीला सगळे जमतात ना, त्या सगळ्यांच्या समोर आणणार!

२० ऑगस्ट, बुधवार

दुसरी खेप आली आणि गेली. या वेळी ओटीपी वेळेवर आला, तर साइट झोपली. दिपेशला उलव्याला फोन केला — त्याचे तीन ट्रेलर बंदरात जा-ये करतात, कुणाकुणाशी ओळख असते. म्हणाला, "ताई, होडीपेक्षा ट्रेलर माग, लगेच देतो." फोन ठेवून दिला.

संध्याकाळी एक आशा. पनवेलच्या एका जुन्या दुकानदाराचा मेसेज फिरतोय: शनिवारी नऊ नग येणार, रांगेत उभं राहायचं, माणशी एक. पण खाली लिहिलंय — ज्यांच्याकडे जुनी बादशाहची कॅसेट असेल त्यांना आधी. मालक म्हातारा आहे म्हणे, दुप्पट भावाने विकणाऱ्यांचा त्याला राग.

आता कॅसेट कुठून आणू? जुना बादशाह दोन हजार पाचच्या पुरात गेला, कॅसेटीही गेल्या. मी स्वयंपाकघरात बसून हे सगळं मोठमोठ्याने बोलत होते. आई भाकऱ्या थापत होती. हात धुतले, उठली, तांदळाच्या डब्यात कोपरापर्यंत हात घातला आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेली एक कॅसेट काढून माझ्यापुढे ठेवली. कंदीलवाला!

"टाकवली न्हाय," एवढंच म्हणाली, आणि परत भाकरी थापायला बसली. माझी आई रिकामी बरणीसुद्धा टाकत नाही, तिचे उपकार कसे फेडू!

२३ ऑगस्ट, शनिवार

मिळाला! मिळाला! मिळाला!

पहाटेच्या एसटीने वडखळ, तिथून पनवेल. साडेसातला पोहोचले तर पुढे बावीस जण. कॉलेजची पोरं, पाठीला पिशव्या, सगळ्यांचं बोलणं एकच — किती वर ठेवून विकायचा. साडीतली मी एकटीच. एक पोरगा म्हणाला, "आंटी, मिक्सरची रांग पलीकडे आहे." म्हटलं, बोल रे बाबा, तुझी वेळ आहे.

दहाला शटर वर गेलं. मालकाने विचारलं, "जुनी कॅसेट कोणाकडे आहे?" सगळे एकमेकांकडे बघतायत. मी हात वर केला! बावीस जणांच्या शेजारून, पदर खोचून, थेट काउंटरला! त्यांनी कॅसेट हातात घेतली, उलटसुलट पाहिली, वास घेतला. "तांदळात ठेवली होती?" डोळे भरून आले त्यांचे. "ताई, ही ज्याने सांभाळली त्याला माझा नमस्कार सांगा." पहिला नग माझा.

बाहेर पडताना त्या पोराला म्हटलं, "मिक्सर मिळाला हं!"

२४ ऑगस्ट

आईने खोक्याला हळदकुंकू लावलं, नारळ फोडला. नारळाचं पाणी यंत्रावर शिंपडायला निघाली होती, मी झडप घालून वाचवलं.

बाबांनी चष्मा लावून बादशाह हातावर घेतला. कॅसेटचं झाकण उघडलं आणि सवयीने आत जोरात फुंकर मारली. आत काही नाही! झाकण नुसतं शोभेचं, खेळ सगळे आधीच भरलेले. "मग कॅसेट कुठं घालाची?" मी म्हटलं, कॅसेट आता देवघरात. आईने खरंच नेऊन ठेवली.

३० ऑगस्ट, शनिवार

सहा किल्ले! कामावरून आलं की चहा, मग किल्ले. अंगठ्याला फोड आलाय. अमिषा विचारते, टायपिंग जास्त झालं का? हो म्हटलं.

आज दुपारचं कालवण खाली लागलं होतं. आईच्या हातून असं कधी होत नाही. वय झालं तिचं. तिच्याकडे लक्ष द्यायला हवं, आणि मी इथे किल्ले चढतेय.

५ सप्टेंबर, शुक्रवार

सुट्टी होती. सकाळी आठवा किल्ला जिंकला.

फटाके उडाले. खेळ संपला. होडी आली नाही.

व्हिडिओत होतं तेच. पुन्हा खेळले, पुन्हा जिंकले, पुन्हा फटाके. मला रडू आलं. बाबा ओटीवर बसले होते. त्यांना काय सांगू? की दिपेश खरा, दादू काका खरा आणि तुम्ही...? जेवले नाही. डोकं दुखतंय म्हणून सांगितलं.

आई वाटीत पेज घेऊन आली. शेजारी बसली. म्हणाली, "पाचव्या किल्ल्यात तुजा कंदील इजला ना?"

"विझतोच तिथे. वारा येतो. पुढे परत पेटवता येतो."

"इजू देवाचा न्हाय. वारा आला का खांबामागं थांबाचा. आठी किल्ले तोच कंदील. तवाच होरी येते." मग जरा थांबून, "असं हे म्हनायचे."

मी धावत ओटीवर. "बाबा! कंदील विझू द्यायचा नाही हे सांगितलं का नाही कधी?" बाबा दचकले. आईकडे पाहिलं. "इसरलो," म्हणाले.

इसरलो! एकोणतीस वर्षं गावाच्या शिव्या खाल्ल्या आणि मुद्द्याचंच विसरले! पण मला पटलं. खोटं बोलणाऱ्याला एवढं बारीक कुठून सुचणार?

८ सप्टेंबर

सातव्यात विझला. परत पहिल्यापासून.

९ सप्टेंबर

सातव्यात. तिथेच. आई भाजी निवडता निवडता म्हणाली, "मधला खांब पोकल दिसतो." नजर चांगली आहे अजून तिची.

११ सप्टेंबर, गुरुवार

काय लिहू!

काल गणपती आले, आज संध्याकाळी विसर्जन. दुपारी जेवणं झाली, सगळे खोलीत लोळलेले — दिपेश, त्याची बायको, पोरगी, दादू काका, काकी, शेजारपाजारचे. मी टीव्ही लावला. काका म्हणाला, "काय, होरी बघाची काय आज?" म्हटलं, "हो. बसा नीट."

पहिले चार किल्ले कुणी बघितलेच नाहीत. पाचव्यात वारा आला, मी खांबामागे थांबले. दिपेश म्हणाला, "ताई, पळ ना!" "गप्प बस." वारा गेला, कंदील पेटलेला. सहाव्याला काकी मोदक खायची थांबली. सातव्यात मधला खांब सोडून कडेच्या खांबामागे गेले, निभावलं!  आठव्याला दिपेशच्या पोरीने माझा पदर घट्ट धरला होता.

दार उघडलं. फटाके नाहीत! पडदा निळा झाला. लाटा. आणि त्या लाटांवरून — आली! होडी आली! लहानशी, शीड लावलेली. कंदीलवाला बसला. कंदील किनाऱ्यावर ठेवला आणि हात हलवला. जसं बाबांनी सांगितलं होतं, अगदी तसंच!

मी एवढी किंचाळले की गणपतीपुढची समईसुद्धा हलली असेल. दिपेश उठून बाबांच्या पाया पडला. "बाबा, चुकलो." पोरगी नाचत सुटली, "आजोबा खरे! आजोबा खरे!"  दादू काका उठला, थोरल्या भावापुढे उभा राहिला. "दादा, एकोणतीस वरसं तुजी थट्टा केली. माज्या तोंडाला माती!" आणि गळ्यात पडला. बाबा रडत होते. रडताना बघत होते मात्र स्वयंपाकघराच्या दाराकडे, तिथे आई उभी होती.

विसर्जनाला सगळी आळी ओरडत होती — हिरामणची होडी आली! या वेळी खरी! माझ्या आयुष्यात मी याहून मोठं काही जिंकले नाही.

१२ सप्टेंबर, शुक्रवार

साहेब रजेवर, म्हणून मी दुपारीच सुटले. घराजवळ आले तर बाबा ओटीवर. मला बघताच मोठ्याने ओरडले, "जागू आली गं!" आतून कंदीलवाल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

आत गेले. आई पाटावर बसलेली, हात पदराखाली. टीव्हीवर आठवा किल्ला.

 मग बाबा दारात येऊन म्हणाले, "होरी तिचीच व्हती, बाय. मी आसाच ओटीवर राखन बसायचो. त्या दिवशी ही मना बोलवून दाखवत व्हती. होरी आली नि ही आनंदानं वरडली. तुजी आजी उठली. मी बटन बंद केला नि बोललो — मीच वरडलो, मीच जिंकलो."

"आणि आजी गेल्यावर? तेव्हा तरी सांगायचं!"

"मंग खेल कुठं व्हता दाखवाला?"

मी आईपुढे बसले. म्हटलं, आई, दे, आज आपण दोघी खेळू. तिने पदराखालून रिमोट काढला, पण माझ्या हातात दिला नाही.

"थांब जरा," म्हणाली. "माजा कंदील पेटलेला हाय."

मी जाऊन ओटीवर बाबांच्या शेजारी बसले.