भिंगरीला दिसलेला चेहरा

रविवार, १४ तारीख

प्रिय ताई,

नमस्कार. भावोजींचा गुडघा कसा आहे? जिने चढणं थांबवलंय का, की अजून गच्चीतल्या कुंड्यांना पाणी घालायला स्वतःच जातात? आमच्याकडे सगळे मजेत आहेत. पत्राच्या पहिल्या परिच्छेदात तरी तसंच लिहायचं असतं.

फोन असताना हा कागद कशाला खरडतोय, असं तू म्हणशील. फोनवर तू मला बोलू देत नाहीस, हे एक. आणि व्हिडिओवर मला सध्या कुणाला दिसायचंच नाही, हे दुसरं.

तुझा राग गेलेला नसणार, ठाऊक आहे मला. लेकीचं लग्न ठरलं म्हणून केवढ्या हौसेने फोन केलास, मुलाचा फोटो दाखवलास, आणि मी आपला एरंडेल प्यायल्यासारखा समोर. "एवढं काय खटकलं रे तुला?" असं विचारलंस. मी म्हटलं, काही नाही, छानच आहे की मुलगा. तर म्हणालीस, "बाबांवर गेलास अगदी!" आणि ठेवलास फोन. ते वाक्य माझ्या डोक्यातून जात नाहीये. त्याचा राग आलाय म्हणून नाही. भीती वाटते म्हणून.

येत्या गुरुवारी तू इकडे यावंस असं फार वाटतं. सकाळी माझ्याबरोबर एका ठिकाणी यायचं आहे. कुठे, ते धीर झाला की याच पत्रात लिहीन. आधी भिंगरीचं सांगतो, कारण सगळं तिच्यापासून सुरू झालं.

भिंगरीला शाळेत घातलं म्हणून तू माझी किती टिंगल केलीस! पण करणार काय? आमच्या चष्म्याच्या दुकानामागे सापडलेलं कुत्र्याचं पिल्लू ते, अंगात नुसतं वारं भरलेलं. दुकानातल्या तीन फ्रेमांच्या काड्या तिने चावून काढल्या तेव्हा मालक म्हणाले, एक तर हिला दमवा, नाही तर नोकरी तरी सोडा. म्हणून मी तिला त्या जुन्या गोदामात न्यायला लागलो. आत रबराच्या चटया, त्यावर उड्या मारायच्या दांड्या, कापडी बोगदा, एक सीसॉ, आणि नागमोडी पळत जायचे खांब. कुत्रं पळतं आणि आपण शेजारून पळत त्याला वाट दाखवायची. बोलायला वेळच नसतो, त्यामुळे कुत्रं आपला खांदा, हात, पाय बघून पुढचं ठरवतं. आपलं लक्ष बोगद्याकडे गेलं की ते बोगद्यात. मला वाटायचं मी तिला शिकवतोय. प्रत्यक्षात तीच मला पाठ करत होती.

तिथल्या बाईंना सगळे मास्तरीण म्हणतात. आधी पोहायला शिकवायच्या, त्यामुळे आवाज अजून पाण्यापलीकडे पोचेल असा. त्यांच्या दोन गोष्टी पक्क्या. कुत्र्याला "नाही" म्हणायचं नाही. चुकलं तर पळत राहायचं, कारण चूक चालवणाऱ्याची. आणि फेरी संपली की खेळायचं, मनापासून. दोरीची ओढाओढी, टाळ्या, आरडाओरडा, सगळं. "दांडीवरून उडी मारण्यात कुत्र्याला काय मिळतं? काही नाही. ते तुमच्या तोंडावरच्या आनंदासाठी पळतं," असं त्या म्हणतात. माणसांनाही त्या तसंच वागवतात. फेरी झाली की आधी एक चांगलं सांगणार, मग एक सुधारायचं. तिसरं काही नाही. आपल्या लहानपणी अशी शिकवणारी माणसं मिळाली असती तर मी गणितात तरलो असतो.

आता जरा अवघड भाग येतो. चहा टाकून येतो.

आलो. तर गेल्या काही महिन्यांत भिंगरीचं बिनसलं. माझ्या उजव्या बाजूने पळताना ती दांडी सोडून पुढे जायची, परत यायची, गोल फिरायची. फेरी संपली की पूर्वी दोरीवर तुटून पडायची. आता जवळ येऊन माझ्या तोंडाकडे बघायची, कान मागे टाकायची, ओठ चाटायची आणि तोंड फिरवून जमीन हुंगत बसायची. दोरी पुढे केली तरी हात लावीना, म्हणजे दात लावीना. मी म्हटलं पोट बिघडलं असेल. डॉक्टरांना दाखवली, तब्येत ठणठणीत.

मास्तरीणबाई मला दर वेळी तेच सांगायला लागल्या. "चष्मेवाले, पळालात छान. आता जरा हसा. मजा येऊ द्या." मी म्हणायचो, अहो येतेय की मजा. "मग तिला कळू द्या ना. ती तुमच्याकडे बघते आणि तिला वाटतं, आपलं काही तरी चुकलं." मला रागच यायचा. मी हसत होतो, ताई. मला माहीत होतं मी हसत होतो.

दुकानात मालकही त्याच सुमारास म्हणाले, गिऱ्हाइकाशी जरा गोड बोलत जा, लोक म्हणतात तुमचा माणूस उर्मट झालाय. मी? मी, ज्याला तू लहानपणी गुळाचा गणपती म्हणायचीस! फ्रेमचे बारीक स्क्रू बसवायलाही वेळ लागायला लागला होता. मी दोष दिला दुकानातल्या दिव्याला. मग माझ्या चष्म्याच्या नंबराला. नंबर मीच तपासला. तो जिथल्या तिथे होता.

कालच्या नव्हे, त्याच्या आधीच्या शनिवारी भिंगरीने कमाल केली. सगळे खांब न चुकता, बोगदा, सीसॉ, शेवटची उडी. मला इतका आनंद झाला की मी तिला ओरडून शाबासकी दिली आणि गुडघ्यांवर बसून दोन्ही हात पसरले. ती आली, बघितलं, आणि कान पाडून बाजूला झाली. मास्तरीणबाईंनी फोनवर फेरी टिपली होती. त्या म्हणाल्या, "चष्मेवाले, आज पाय झकास पडले." मी सुधारायची गोष्ट ऐकायला उभा राहिलो. ती गोष्ट काही आली नाही. त्यांनी फोन माझ्या हातात दिला आणि त्या दांड्या उचलायला निघून गेल्या.

त्यात एक माणूस पळत होता. त्याचा डावा हात हलत होता आणि उजवा पोटाशी धरलेला, काखेत फाइल धरावी तसा. दांडीशी आल्यावर तो हात वर यायचा, पण भिंगरी पुढे गेल्यावर. शेवटी तो माणूस खाली बसला, "शाब्बास गं माझी राणी" म्हणाला, बँकेत टोकनचा नंबर पुकारावा त्या आवाजात. आणि त्याच्या तोंडावर काही नव्हतं. राग नव्हता, कंटाळा नव्हता. काहीच नव्हतं. मी तो तुकडा परत परत लावला. त्या क्षणी मी तोंड भरून हसतोय, असं मी कुणालाही शपथेवर सांगितलं असतं.

बाई परत आल्या तेव्हा म्हणाल्या, "मी डॉक्टर नाही. पण हा हात माझ्या शिकवण्याने सुटणार नाही. दाखवून घ्या." त्यांचा तो पाण्यापलीकडे जाणारा आवाज तेव्हा मला जेमतेम ऐकू आला.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी दुकान लवकर उघडलं. आमच्याकडे भिंतीभर आरसे, गिऱ्हाइकाला फ्रेम लावून बघता यावी म्हणून. मी हसून बघितलं. हसता आलं. मुद्दाम हसायला सांगितलं की तोंड हसतं, ताई. मग मी तुझ्या लेकीचं आठवलं, ती लहानपणी माझ्या टकलावर पावडर लावायची ते, आणि पोटातून हसू आलं. आरशांतला एकही माणूस हसला नाही. मी घाबरून शटर अर्धं खाली ओढलं आणि पहिलं गिऱ्हाईक येईपर्यंत आत स्टुलावर बसून राहिलो.

तुझ्या एव्हाना लक्षात आलं असेल. अक्षरावरूनही आलं असेल. पहिल्या पानापेक्षा इथे किती बारीक झालंय बघ. मी मोठं काढायला जातो आणि ते मुंग्यांसारखं होत जातं.

मी स्वतःची समजूत घालत होतो की माझा हात तर कापत नाही. बाबांचा कापायचा. कपातला चहा बशीत, बशीतला सदऱ्यावर. कंपवात म्हणजे आपल्यासाठी तो कापणारा हात. पण ताई, हात कापायला लागायच्या आधीची दोन-तीन वर्षं आठव. बाबा घुमे झाले, तिरसट झाले, कुणाचं कौतुक म्हणून नाही, असं आपण सगळे म्हणायचो. आईसुद्धा म्हणायची. त्याच दिवसांत तू बाळाला घेऊन घरी आलीस आणि तिला त्यांच्या मांडीवर ठेवलंस. ते तिच्याकडे बघत बसले, दगडासारखे. तू आत येऊन मला म्हणालीस, "मुलगी झाली म्हणून तोंड पाडून बसलेत." त्यानंतर तू बाबांशी कामापुरतंच बोललीस, ते जाईपर्यंत. तुझं चुकलं असं मी म्हणत नाही. मलाही तेच दिसलं होतं. जे दिसलं त्यावरच आपण विश्वास ठेवला, दुसरं काय करणार होतो?

पण आता मला वाटतं, बाबा त्या दिवशी हसत होते. मी कोर्टात सिद्ध करू शकणार नाही. फक्त ती जागा आतून कशी असते, ते मला आता कळलंय. आपण हसत असतो आणि समोरचं माणूस हळूहळू तोंड फिरवतं, आणि आपल्याला कळत नाही आपलं काय चुकलं. आपण जास्त गप्प होतो. ते अजून लांब जातात.

मला हात कापण्याची एवढी भीती वाटत नाही. चहा सांडला तर सांडला, पुसता येतो. भीती याची वाटते. आमची ही हल्ली जेवताना ऑफिसातल्या गमती सांगत नाही. मी विचारलं, का गं? म्हणाली, "तुला कुठे आवडतात आता." ताई, मला फार आवडतात. मी ते म्हटलंही, पण त्याच आवाजात म्हटलं असणार, कारण ती "राहू दे" म्हणून ताट उचलून गेली. तिला मी अजून काही सांगितलेलं नाही. डॉक्टरांनी काही दुसरंच सांगितलं तर उगाच तिच्या जिवाला घोर कशाला, असं मी म्हणतो. खरं म्हणजे मोठ्याने बोललो की ते खरं होईल, असं वाटतं. तू हसशील. पण मी इतका भित्रा कधीच नव्हतो गं. गल्लीतल्या त्या मोठ्या कुत्र्याला तू घाबरायचीस आणि मी पुढे व्हायचो.

मास्तरीणबाईंनी मात्र मला आणि भिंगरीला सोडलेलं नाही. त्या म्हणाल्या, "तिला तुमचा जुना चेहरा पाठ आहे. आता हा शिकवू." मी काही न करता तिच्याकडे नुसतं बघायचं, आहे त्या तोंडाने, आणि लगेच दोरी काढून मांडीवर थाप मारायची. परत बघायचं, परत थाप. म्हणजे हे मख्ख तोंड दिसलं की खेळ सुरू होणार, असं तिच्या डोक्यात बसेल. पहिल्यांदा ती दरवाजाकडेच पळाली. काल मी बघितलं आणि थाप मारायच्या आधी तिची शेपटी हलली. थोडीशीच. मी तिथेच चटईवर बसून रडलो, बाईंनी मला रुमाल दिला आणि म्हणाल्या, "वेळ अचूक साधलीत. आता उजवा खांदा सोडा." दोन गोष्टी, नेहमीसारख्या.

कुत्र्याला असं शिकवता येतं. माणसांसाठी दोरी कुठून आणू? लग्नात सगळे नातेवाईक माझ्याकडे बघतील, तुझी लेक नमस्काराला वाकेल आणि मामा असा भिंतीसारखा. तिला काय वाटेल? तिला तू आधी सांगशील का? पण नीट सांग, रडवू नकोस.

तर गुरुवारी. मेंदूच्या डॉक्टरांनी सकाळची वेळ दिली आहे. मला एकट्याने त्या बाकावर बसवणार नाही. डॉक्टर काय म्हणतील ते ऐकायला माझे दोन कान पुरणार नाहीत, आणि त्यांनी तो शब्द उच्चारला तर माझ्या तोंडावर काही उमटणार नाही, त्यांना वाटेल हा माणूस धीराचा आहे. तू त्यांना सांग, हा घाबरलाय. खूप घाबरलाय. तुला ते माझ्याकडे न बघता कळेल.

हे पत्र उद्या सकाळीच कुरिअरने टाकतो, मंगळवारी तुला मिळेल; बुधवारच्या संध्याकाळच्या गाडीने ये. मी स्टेशनवर येईन. तू डब्यातून उतरशील तेव्हा फाटकाशी एक माणूस उभा असेल, उजवा हात पोटाशी, चेहरा कोरा. तो पुढे येऊन तुझी पिशवी घेईल आणि बहुतेक काही बोलणारही नाही. त्या वेळी मला किती आनंद झालेला असेल, ते तेव्हा दिसलं नाही तर, म्हणून आजच लिहून ठेवतो. खूप झालेला असेल, ताई.

तुझाच,
धाकटा