तिसऱ्या रिंगला उचलायचा

३ नोव्हेंबर, सकाळी ७.१५
विकासने पुण्याहून स्मार्टफोन पाठवला. डब्यात चार्जर नाही. आजकाल देतच नाहीत म्हणे. पोराला फसवलेलं दिसतंय, पण त्याला कळवायचं नाही.

या वयात हे जमणार का, असं मोहिनी म्हणाली. बायको असून विसरते. सिद्धेश्वर धरणावर एकोणतीस वर्षं टेलिफोन कुणी सांभाळला? पाणी सोडायचा हुकूम फोनवर यायचा. माझी पद्धत ठरलेली. पहिल्या रिंगला उचलायचा नाही, हपापल्यासारखं दिसतं. दुसरीला खाकरायचं. तिसरीला उचलायचा, आधी स्वतःचं नाव सांगायचं, मल्हारी बोलतोय, हुकूम परत म्हणून दाखवायचा आणि रजिस्टरला वेळ टाकायची. एकोणतीस वर्षांत एक फोन सुटला नाही.

ही वही त्यासाठीच काढली. येणाऱ्या फोनची नोंद पाहिजे.

संकल्प: प्रत्येक फोन तिसऱ्या रिंगला.

४ नोव्हेंबर, संध्याकाळी
बाजारात कळमनुरीचा एक ओळखीचा भेटला. सिंधूअक्काला बरं नाही म्हणे. छातीत पाणी झालं, नांदेडला आठ दिवस ठेवलं होतं. सारखं माझं नाव घेते, असंही म्हणाला.

अक्का माझी थोरली बहीण. सख्खी आणि एकुलती. तीन वर्षं बोलणं बंद. कारण एकदा लिहूनच ठेवतो, म्हणजे पुढे वाद नको. तिच्या अंगदच्या लग्नात मी सख्खा मामा. नवरदेवाच्या मागे उभं राहायचा मान माझा. मंगलाष्टकं सुरू व्हायला आणि माझा फोन वाजायला एकच गाठ पडली. तिसऱ्या रिंगला उचलला. आवाज येईना म्हणून मांडवाबाहेर गेलो. कंपनीची बाई होती, कॉलर ट्यून घ्या म्हणून. तिचं सगळं ऐकून घेतलं, मध्येच तोडणं आपल्या स्वभावात नाही. परत येऊन बघतो तर माझ्या जागी आमचा चुलतभाऊ हनुमान उभा आणि अक्षता पडून मोकळ्या. मी जाब विचारला. अक्का चारचौघांत म्हणाली, मुहूर्त कुणासाठी थांबत नसतो.

मी तिथून निघालो तो निघालोच.

आता आजारी आहे म्हणजे फोन करणारच. चूक तिची, तर पहिला फोनही तिचा. मी मोठ्या मनाने उचलणार. पहिलं वाक्य ठरवलं: "बोल अक्का." जास्त गोड नाही, जास्त तुसडं नाही.

५ नोव्हेंबर, दुपारी
प्रॅक्टिस. मोहिनीला स्वयंपाकघरात बसवून तिच्या बटणाच्या फोनवरून फोन लावायला लावले. हिरवं वर ओढलं की उचलतो. सहा वेळा केलं. चार वेळा कट झाला, एकदा टॉर्च लागला, एकदा उचलला गेला पण तेव्हा ती दूध बघायला उठली होती.

निष्कर्ष: काचेत दोष आहे.

मोहिनी म्हणाली काच बरी हाय, तुमच्या बोटाच्या साली गेल्यात. गेटचं चाक फिरवून गेल्या हे खरं. पण म्हणून काचेने ओळख दाखवू नये? पुढे म्हणाली, "उचलायचं राहू द्या. तुमीच लावा की अक्काला एक फोन." हिला विषय कळलेलाच नाही.

७ नोव्हेंबर, सकाळी १०.४०
आला. अंगदच्या नंबरवरून. पहिल्या रिंगला चष्मा लावला, दुसरीला खाकरलो, तिसरीला अंगठा जिभेवर ओला करून ओढला. मोबाइल दुकानातल्या साजीदने सांगितलेली युक्ती. फोन कट झाला आणि वर माझ्या नावाने इंग्रजीत मेसेज गेला: कान्ट टॉक नाऊ, कॉल यू लेटर. मी लिहिलेला नाही. फोनच्या पोटात तयारच होता.

आधी घाम फुटला. मग विचार केला, वाईट काय झालं? इंग्रजीत गेला, वजन पडलं. मामा रिकामा बसलेला नाही हे कळलं.

नंतर फोन करतो असं त्यात आहे, पण तो शब्द कंपनीने दिलाय. मी दिलेला नाही.

८ नोव्हेंबर, रात्री जेवणानंतर
अंगदने मोहिनीला फोन लावला. ती ओट्यावर वीस मिनिटं बोलत बसली होती. आत येऊन सांगितलं की डॉक्टरांनी हात टेकले, घरी न्या म्हणाले. अक्काला आडवं झोपता येत नाही, दम लागतो, उशांना टेकून बसूनच असते. मल्हारीचा फोन आला का, हे रोज विचारते.

"उद्याच जाऊ," मोहिनी म्हणाली. "राग-रुसवा माणूस उठून बसल्यावर बी करता येतो."

मी शांतपणे समजावलं. बोलावणं माझ्या फोनवर आलं पाहिजे. बायकोच्या फोनवर आलेलं बोलावणं म्हणजे गावजेवणाची दवंडी.  ती ताट उचलून गेली, माझं जेवण व्हायचं होतं तरी.

१० नोव्हेंबर
साजीदकडून वायरचा हेडफोन आणला. काचेशी संबंधच नाही. मधलं बटण एकदा दाबलं की उचलतो, परत दाबलं की बंद होतो. एकदम सोपं, धरणावर असं असतं तर प्रमोशन झालं असतं.

दुपारी ४.१५, अंगद. तिसऱ्या रिंगला दाबलं. दाबलं गेलं की नाही याचा भरवसा वाटेना म्हणून परत दाबलं. मधल्या वेळात "हॅलो मा" एवढं ऐकू आलं.

म्हणजे प्रगती आहे. शुक्रवारी तेवढंही नव्हतं.

अंगदने परत लावला नाही. लाजला असेल.

१२ नोव्हेंबर
साजीदने पक्का इलाज केला. सेटिंगमध्ये आत, अजून आत जाऊन. आता फोन आला की तीन सेकंदांनी तो आपणहून उचलतो. बोट नको, बटण नको.

"काका, आता तुमाला काहीच करायचं न्हाई," तो म्हणाला. "फक्त बोलायचं."

हे मात्र मनाजोगतं झालं. तीन सेकंद म्हणजे जवळजवळ तिसरी रिंगच. घरी मोहिनीवर ट्रायल घेतली. बराबर उचलला. तिनेही बघितलं. म्हणाली बरं झालं, आता तरी कळमनुरीला बोला. मी म्हणालो, आता फक्त त्यांच्या फोनची वाट बघायची.

१४ नोव्हेंबर, संध्याकाळी ६.३०
आजचा दिवस चांगला गेला.

सकाळी एका शेजाऱ्याच्या दशक्रियेला गेलो. घाटावर फोन वाजू नये म्हणून आवाज बंद करून खिशात टाकला. अशा वेळी लोक भान ठेवत नाहीत, मी ठेवतो. येताना रत्नपालच्या सलूनमध्ये दाढीला बसलो. पाच-सहा जण होते. रत्नपालने सहज विचारलं, तुमच्या बहिणीचं लई सिरियस हाय म्हणे, गेला न्हाई व्हय?

मग मी पहिल्यापासून सांगितलं. मांडव, अक्षता, हनुमान, सगळं. तोंडाला साबण होता तरी थांबलो नाही. अक्काचं आजारपण मला नवं नाही हेही सांगितलं. आई गेली तेव्हाही ही आधी आडवी झाली होती, सगळे आईला सोडून हिला वारा घालत होते. काही साधायचं असलं की अंथरूण धरते. शेवटी म्हणालो, "मेली तरी जाणार न्हाई. आधी चुकलं म्हण म्हणावं."

सलून एकदम शांत झालं. पटल्याचं लक्षण. रत्नपालने वस्तरा जरा जास्त वेळ पुसला.

आता फोन काढून बघतो तर ११.२२ ची नोंद. अंगद. आलेला, उचललेला. सहा मिनिटं अठ्ठेचाळीस सेकंद.

सेटिंग चालतं. साजीद हुशार आहे.

रात्री ९.००
११.२२ ला मी सलूनमध्ये होतो.

फोन खिशात होता. सदरा जाड आहे, वरून उपरणं. खिशातला आवाज तिकडे कळमनुरीपर्यंत जाणं शक्य नाही. तरी खात्री करावी म्हणून मोहिनीला तिचा फोन देऊन गोठ्यामागे पाठवलं, माझा खिशात टाकला आणि माजघरात उभं राहून साध्या आवाजात धरणाच्या चौदा कालवा चौक्यांची नावं म्हटली. ती परत आली. चौदाही नावं तिने क्रमाने सांगितली.

तिचे कान पहिल्यापासून तिखट आहेत. त्यावरून काही ठरत नाही.

काहून विचारून राहिला, असं ती दोनदा म्हणाली. मी नोंद दाखवली नाही.

१६ नोव्हेंबर
फोन नाही. आवाज फुल ठेवला आहे.

अक्का विचार करत असेल. तशीच आहे ती, एकदम बोलत नाही. लहानपणी मी पाटी फोडली तर ती दोन दिवस गप्प राहून तिसऱ्या दिवशी स्वतःची पाटी मला द्यायची. तेव्हा उद्यापर्यंत धीर धरायचा.

आणि ऐकलं असलं तरी खोटं काय ऐकलं?

१७ नोव्हेंबर
फोन नाही. सकाळी एक आला होता, आपोआप उचलला, कर्ज पाहिजे का म्हणून विचारत होते. मी बाईला विचारलं, माझा आवाज नीट येतो का. एकदम क्लिअर येतो सर, म्हणाली.

१८ नोव्हेंबर
मोहिनी एकटीच कळमनुरीला गेली. सकाळच्या गाडीने. दोन वेळच्या भाकरी टोपलीत झाकून ठेवल्या. दारात उभी राहून म्हणाली, "मी तिथं तुमच्याबद्दल काय सांगू?" मी म्हणालो, फोनची वाट बघतोय म्हणून सांग. तिने पिशवी उचलली. मग गेली.

दुपारी अंगदचा नंबर काढला आणि लावला. हिरव्यावर बोट पहिल्याच झटक्यात चाललं. वाजायच्या आत कट केला. आजाऱ्याची झोप मोडू नये.

सहानंतर परत काढला. ही वेळ औषधाची असते.

१९ नोव्हेंबर
मोहिनीचा फोन नाही. मीही केला नाही.

पहिलं वाक्य बदललं. "बोल अक्का" ऐवजी "अक्का, मी मल्हारी." नाव आधी सांगावं, ते बरं. पुढचं वाक्य सुचत नाही. धरणावर पुढचं वाक्य वरून यायचं, मी फक्त परत म्हणायचो.

उद्या सकाळच्या गाडीने जायचं. नक्की. फोन आला नाही तरी.

२० नोव्हेंबर
गाडी चुकली. म्हणजे गाडी होती, मी स्टँडवर होतो. पण निघताना वाटलं, आपण गाडीत असताना तिचा फोन आला आणि रेंज नसली तर? औंढ्याच्या पुढे रेंज जाते. घरी परत आलो. फोन समोर ठेवून बसलो. उद्या नक्की.

२१ नोव्हेंबर, सकाळी ९.०५
मोहिनी. तीन सेकंदांत त्याने उचलला. मी खाकरलोही नव्हतो.

अक्का गेल्या. पहाटे, बसल्या बसल्या. मोहिनी म्हणाली, माहेरची साडी भावानेच आणायची असते, तुमच्यासाठी थांबवून ठेवलंय, लवकर निघा.

मी हुकूम परत म्हणून दाखवला. साडी. लवकर. तिने आधीच ठेवला होता.

२३ नोव्हेंबर, कळमनुरी
वही पिशवीत होती. परवापासून लिहिलं नाही.

हिरवी साडी घेतली. दोन गाड्या बदलून पोचायला तीन वाजले. बारापासून लोक उन्हात उभे होते. हनुमान पुढे आला नाही, बाजूला सरकून त्याने मला वाट दिली. अक्काच्या अंगावर साडी मी घातली. ती इतकी बारीक झाली होती की साडी अंगभर होऊन दोन्हीकडे उरली. मला रडू आवरेना.

आज सावडून आल्यावर अंगद माझ्याजवळ बसला. मी आधीच बोलायला लागलो, की त्या दिवशी सेटिंगमुळे फोन खिशात आपोआप उचलला गेला, मला कल्पनाच नव्हती, साजीदने केलेलं. तो म्हणाला, "माहीत हाय मामा."

मग त्याने सांगितलं. फोन स्पीकरवर करून त्याने अक्काच्या उशीवर ठेवला होता. माझं बोलणं सुरू झालं तसा तो कट करायला गेला. अक्काने त्याचं मनगट धरलं.

"ती म्हणली, राहू दे. तीन वर्षानं त्याचा आवाज ऐकून राहिले."

शेवटपर्यंत ऐकलं तिने. मेली तरी, तेही. मधे मधे हूं म्हणत होती. त्या लग्नाच्या दिवशी मांडवातून उपाशी निघालो, दिवसभर पोटात अन्नाचा कण नव्हता, असं मी सलूनमध्ये म्हणालो होतो. मला आठवत नाही, पण म्हणालो असेन. तिथे ती उशीकडे वाकली आणि फोनमध्ये मला विचारलं, "उपाशी गेला व्हय रे मल्हारी? मग कुठं जेवला?"

दोनदा विचारलं. माझ्याकडून उत्तर नाही. पुढे सात दिवस हेच घेऊन बसली होती, अंगद म्हणाला. माझं लेकरू मांडवातून उपाशी गेलं.

हे अंगदला सांगण्यासारखं नाही. इथे लिहितो.

अक्का, स्टँडसमोरच्या हॉटेलात. दोन प्लेट मिसळ, चार पाव, वर पावशेर जिलेबी. पोटभर जेवलो होतो.