शनिवारपर्यंत थांबा

मंगळवार, ४ मार्च
रॉइसला पिस्तूल मिळालं नाही! गुन्ह्यांची नोंद आहे का ते बघायला दुकानदारानं सरकारी कचेरीत फोन लावला, पलीकडून ‘तपासतोय, थांबा’ एवढंच. शनिवारपर्यंत उत्तर नाही आलं तर दुकानदार देऊ शकतो — कायदाच तसा आहे. याच्याच नावाचा कुणी गुन्हेगार ओहायोत आहे म्हणे. पोरगा चिडून आला, ताट सरकवून उठला. मला मात्र बरं वाटलं. आईला असं वाटावं — काय लिहू.

बुधवार, ५
ते शोधणार तरी काय? चार वर्षांपूर्वी माझ्याच स्वयंपाकघरात त्यानं बायकोचा, जनेलचा, गळा धरला होता. निळी पडली होती ती. शेरीफचा पोलीस कटलिप आला. दोनदा विचारलं त्यानं. दोन्ही वेळा मी म्हटलं, पाय घसरून पडली. त्यानं वही मिटली. जनेल नुसती माझ्याकडे बघत होती, तिच्यानं बोलवत नव्हतं. म्हणजे कागदोपत्री रॉइस स्वच्छ आहे. मीच धुऊन ठेवलाय.

गुरुवार, ६
दुकानात गेले. मालक बॉग्ज आमच्याच चर्चमधला. म्हटलं, रॉइसला देऊ नकोस.
“का? काही केलंय का त्यानं?”
अगदी जिभेवर आलं होतं. म्हटलं, तापट आहे.
“लोर्ना, तापट माणसांना नाही म्हणायचं तर मला दुकानच बंद करावं लागेल.”
हसला. मीही हसले. का हसले?

शुक्रवार, ७
जनेलला फोन केला. लग्न मोडल्यापासून ती पोरीला घेऊन नदीपलीकडे राहते. सगळं सांगितलं, जपून राहा म्हटलं. ती म्हणाली — “तेव्हा तुम्ही तिथेच होतात, मिसेस स्टिल्टनर.” पूर्वी मला आई म्हणायची.
संध्याकाळ झाली. उत्तर नाहीच.

शनिवार, ८
नऊला दुकान उघडलं, साडेनऊला हा घरी. पिस्तूल टेबलावर ठेवलं. “धरून बघ, किती हलकं आहे.” नाही धरलं. मग म्हणाला, आता जनेल माझा फोन उचलेल. अगदी सहज, जेवायला काय केलंय विचारावं तसा.

रविवार, ९
चर्चला गेले नाही.

सोमवार, १०
उत्तर आलं. बॉग्जनं मुद्दाम मला कळवलं, माझा जीव शांत व्हावा म्हणून. ओहायोचा तो माणूस वेगळा. आपल्या रॉइसवर काहीही नाही.

मंगळवार, ११
कोर्टाच्या बाकावर बसून लिहितेय. जनेल शेजारी आहे. रॉइसपासून संरक्षण मागणाऱ्या तिच्या अर्जाला मी साक्ष जोडली — तेव्हा पाहिलं ते, खोटं बोलले ते आणि शनिवारी ऐकलं तेही. न्यायाधीशांनी वाचून लगेच हुकूम काढला — त्यानं तिच्याजवळ जायचं नाही, हत्यार बाळगायचं नाही. शेरीफची गाडी आत्ता निघाली, पिस्तूल जप्त करायला. पत्ता मीच सांगितला.